मुकादमसरांचा कान

“सर, अजून किती दिवस चालेल हे?”

आसावरीने बॅट पुढे धरली. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ.

मुकादमसरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. डोळे मिटले. बॅट मुठीला धरून उजव्या कानाशी नेली आणि लाल रबरावर बॉल हलकेच उडवला.

टप... टप... टप.

आम्ही सगळे गप्प. सर ऐकत असले की आमच्या हॉलमध्ये कोणी घोटभर पाणीसुद्धा पीत नाही.

“आहे अजून,” सर म्हणाले. “चालेल.”

आसावरीने बॅट परत घेतली. रबरावर तोंडाची वाफ सोडली, तळव्याने पुसलं. परत वाफ सोडली, परत पुसलं. पाय एका जागी ठरत नव्हते पोरीचे.

मी शेट्ये. रत्नागिरीतल्या ह्या छोट्याशा जिमखान्याचा चिटणीस. हॉलची किल्ली माझ्याकडे असते. टेबल टेनिस मला येत नाही असं सगळ्यांचं मत आहे, आणि तरी मी रोज खेळतो. दोन टेबलं, चार ट्यूबलाइट, आणि पंखे बंद, कारण पंख्याच्या वाऱ्याने बॉल हलतो. ऑक्टोबरात तर आत नुसतं शिजायला होतं.

बॅटचं म्हणाल तर लाकडाची फळी, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवलेलं रबर. रबर नवं असतं तेव्हा बॉलला धरून ठेवतं, फिरकी देतं. मग मरत जातं. एका दिवसात नाही, हळूहळू. नेमकं कधी मेलं ते कळत नाही, हीच तर बोंब आहे.

कोणी म्हणतं तीन महिने. कोणी म्हणतं खेळाचे तास धरा. कोणी म्हणतं चकाकी गेली की फेकून द्या. आता आमच्याकडची हवा खारी, दमट. त्यात कोणी बॅट स्कूटरच्या डिकीत उन्हात तापवतं, कोणी उशाशी घेऊन झोपतं. ह्या सगळ्यांना एकच मुदत कशी लावणार?

म्हणून आमच्याकडे एक रीत होती. सर ऐकायचे. सर ‘गेलं’ म्हणाले की रबर गेलं. ‘आहे’ म्हणाले की आहे. रबराला बोट लावायचं नाही, बोटाचा घाम लागतो, म्हणून सर स्वतःसुद्धा फक्त मूठ धरून ऐकायचे. आणि नवं रबर चिकटवायचं तेही सरांनीच. गोंद सरांचा, कात्री सरांची, वरून फिरवायला लाटणं सरांच्या घरचं. त्या डब्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मी पाहिलेला नाही.

आसावरी भाटकर ही सरांची सगळ्यात तयार शिष्या. जिल्ह्यात तिला हरवणारं कोणी नाही, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक आहे. एकोणीस वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. रविवारी सांगलीला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. यंदा नाव आलं तर आलं, नाहीतर त्या संघाचं दार कायमचं बंद. आणि तो शुक्रवार होता.

पण काही महिन्यांपासून तिचे फोरहँड नेटमध्ये जात होते.

त्या संध्याकाळी ती माझ्याशी हात मोकळा करायला उभी राहिली. तीन बॉल ओळीने नेटमध्ये. माझ्यासमोर! म्हणजे बघा.

“श्शी!” तिने बॅट मांडीवर आपटली. “काका, थांबा जरा.”

ती बाकावरच्या बॅगेकडे गेली. चेन उघडली, बंद केली, परत उघडली. मग दुसरी एक बॅट काढली आणि सरांपाशी आली.

“सर, ही जरा बघता? मैत्रिणीची आहे. ती विचारत होती, बदलायचं का म्हणून.”

सरांनी चष्मा काढला. डोळे मिटले. बॅट कानाशी.

चट... चट... चट.

मला आवाज जरा चमत्कारिक वाटला. पण सर ऐकतायत म्हटल्यावर आपण कोण बोलणार?

“आहे अजून,” सर म्हणाले. “चालेल.”

आसावरीने बॅट त्यांच्या हातातून घेतली. नखाने एक कोपरा उचलला आणि रबरावरून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा सर्रकन ओढून काढला. नव्या रबरावर तो असतो, धूळ बसू नये म्हणून. तो काढल्याशिवाय त्या बॅटने खेळताच येत नाही.

“नवं आहे हे, सर. अजून एक बॉल खेळलेला नाही ह्याच्यावर.”

सरांनी डोळे उघडले होते.

“तुम्हाला ऐकू येत नाही,” आसावरी म्हणाली.

...

माझं डोकंच फिरलं. “अगं ए! कोणाशी बोलतेस? जीभ आहे की काय आहे?”

“बोलू दे तिला, शेट्ये,” सर म्हणाले.

आणि मग ती बोललीच. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारत बोलली.

“गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या शिबिराला गेले होते ना. तिथल्या सरांनी माझ्या बॅटवर नुसता बॉल घासला आणि हसले. म्हणाले, हे मेलंय. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मेलं असेल. ह्याने खेळतेस? कोणी सांगितलं तुला, चालेल म्हणून?”

“मग?”

“मी तुमचं नाव नाही घेतलं. लाज वाटली मला. माझी वाटली की तुमची, ते माहीत नाही.”

सर ऐकत होते.

“आल्यापासून तीनदा विचारलं तुम्हाला. तिन्ही वेळा ‘आहे’. म्हणून आज मैत्रिणीची ही नवीकोरी मागून आणली.” तिचा आवाज चिरकला. “सगळा पावसाळा मी मेलेल्या रबराने खेळले, सर! बॉल नेटवरून जावा म्हणून मनगट उचलून उचलून मारतेय. हातच बिघडलाय माझा. आणि परवा चाचणी आहे. परवा!”

ती रडायला लागली, आणि आपण रडतोय म्हणून आणखीच चिडली. बाहीने डोळे पुसले, खाली तोंड करून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली.

सर बाकावर बसले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

“बोललेलं ऐकू येतं मला,” ते म्हणाले. “आत्ता तू ‘मूर्ख आहे मी’ म्हणालीस, तेही आलं. बारीक आवाज येत नाहीत. सकाळी पाखरं बोलतात ती येत नाहीत. रबराचं... नाही येत.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“रमजानची ईद झाली त्याच्या आसपास.”

मी बाकावर पडलेल्या माझ्या बॅटकडे बघितलं. गणपतीत सर तिला ‘आहे’ म्हणाले होते.

“मग सांगायचं नाही का, सर?”

“कोणाला सांगू? कान गेला म्हटल्यावर माझं इथं काय काम, शेट्ये? टेबलं पुसू?” सर जमिनीकडे बघत होते. “चार वेळा ठरवून आलो घरनं. आज सांगायचंच. मग पोरं बॅट घेऊन समोर उभी राहायची, आणि तोंडातनं ‘आहे’ निघून जायचं. ‘गेलं’ म्हणायचा धीर झाला नाही. उगाच कोणाचं चांगलं रबर फेकायला लावलं तर?”

पंचवीस वर्षं ह्या माणसाला बघतोय मी. एवढा बारीक झालेला कधी दिसला नव्हता.

सर आसावरीकडे वळले.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

ती भांडायच्या तयारीने आली होती. समोरच्याने सरळ चुकलं म्हटलं की भांडणाऱ्याची मोठी पंचाईत होते. ती नुसतीच उभी राहिली. हातातल्या बॉलशी चाळा चालू होता.

“एक विचारू?” सर म्हणाले.

“हं.”

“तुझ्या हाताला कधी कळलं?”

“काय?”

“रबर गेल्याचं.”

तिच्या हातातला चाळा थांबला.

“खरं सांग.”

“...कॉलेज सुरू झालं तेव्हा. बॉल घसरल्यासारखा वाटायचा. आधी कसा हातात यायचा आणि मग जायचा... तसा येत नव्हता.”

“म्हणजे जून.”

“हो.”

“मग?”

“मग तुम्हाला विचारलं. तुम्ही ‘आहे’ म्हणालात.”

“आणि हात काय म्हणत होता?”

“गेलं म्हणत होता.”

“मग?”

“तुम्ही म्हणालात ना, आहे म्हणून!” ती ओरडलीच. पलीकडच्या टेबलावर खेळणाऱ्यांचा बॉल थांबला.

सरांनी मान डोलावली.

“माझा तर कानच गेलाय,” ते म्हणाले.

...

आसावरीचा चेहरा लाल झाला. तिने बॉल जमिनीवर आपटला, झेलला, परत आपटला.

“ते जाऊ दे आता. परवाचं सांगा. हेच ठेवू की बदलू?”

सर तिच्या हातातल्या बॉलकडे बघत होते.

“हे ठेवलं तर नेटमध्ये जातात. नवं लावलं तर मनगट असं वर उचलायची सवय लागलीय, सगळे टेबलाबाहेर उडतील. दोन दिवसांत हात वळेल का? नाही वळला तर? तिथं जाऊन हसं होईल माझं. त्यापेक्षा हेच बरं ना? निदान ओळखीचं तरी आहे. की नको? सांगा ना सर, काहीतरी सांगा!”

“जरा थांब.”

“थांबता येत नाहीये मला!”

सर उठले. कोपऱ्यातलं कपाट उघडलं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, टेबलावर आणून उघडला. गोंदाची बाटली. स्पंजचा तुकडा. कात्री. लाटणं. खाली पेपर अंथरला, तोही नीट, चारही कोपरे ओढून.

आता सर लावून देणार, असं मला वाटलं. आसावरीलाही तेच वाटलं असावं, कारण तिने आपली जुनी बॅट पुढे केली.

सरांनी डबा तिच्याकडे सरकवला आणि बाकावर जाऊन बसले. दोन्ही हात काखेत घातले.

“मी?” आसावरी म्हणाली.

...

“सर, मला नाही येत. मी कधी केलेलं नाही हे. वाकडं बसलं तर? परवा—”

सर खिडकीबाहेर बघत होते.

मला राहवेना. “आण इकडे, मी करतो,” म्हणून मी हात पुढे केला. सरांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी हात मागे घेतला आणि घाम पुसल्यासारखं केलं.

आसावरीने टेबलाला एक चक्कर मारली. दुसरी मारली. बॅट उचलली, ठेवली. नव्या रबराचं पाकीट बॅगेत होतं, ते आणलं. दाताने फाडायला गेली, मग थांबली, आणि कात्री घेतली.

फोरहँडच्या बाजूचं जुनं लाल रबर मुठीजवळच्या कोपऱ्यात धरून तिने ओढलं. आधी येईना. मग हळूहळू सुटत आलं. खालचं लाकूड पांढरंस्वच्छ निघालं. मूठ एवढी काळी पडली होती, पण आतली फळी जशीच्या तशी.

ती क्षणभर त्या लाकडाकडे बघत राहिली. मग जुनं रबर डोळ्यांसमोर धरलं. मधला भाग गुळगुळीत झाला होता, कडेला भेगा पडल्या होत्या. एवढं सगळं उघड दिसत होतं. रोज त्यावर वाफ सोडून पुसत होती पोर, आणि आम्हीही शेजारीच उभे होतो.

तिने गोंद ओतला. दुधासारखा पांढरा असतो तो. स्पंजने रबराच्या पाठीवर पसरला, फळीवर पसरला. आता तो वाळून काचेसारखा होईपर्यंत थांबायचं. त्याआधी चिकटवलं की फुगा येतो.

हे थांबणं तिला जड गेलं. पेपरच्या तुकड्याने वारा घातला. बोट लावून बघितलं, बोटाचा ठसा उठला, परत गोंद लावला. सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

शेवटी ती टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली. गोंदाकडे बघत. आणि पहिल्यांदाच तिचे पाय हलायचे थांबले.

पांढरा रंग कडेने गेला, मग मधून गेला. तिने श्वास रोखून रबर मुठीच्या बाजूने टेकवलं आणि वर बसवत नेलं. लाटणं फिरवलं. कात्रीने कापलं. आता खरं सांगायचं तर कडा उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती, आणि टोकाशी वाटाण्याएवढा फुगा राहिला होता. मी बोललो नाही.

“काका, या.”

मी टेबलापलीकडे उभा राहिलो.

पहिला बॉल भिंतीवर. दुसरा भिंतीवर. तिसरा माझ्या पोटावर.

“बघितलंत? सांगत होते ना मी!” ती सरांच्या दिशेने ओरडली. सरांनी मान वळवली नाही.

चौथा बाहेर. पाचवा बाहेर, पण जरासाच. तिने ओठ चावला. मनगट थोडं झाकलं. सहावा टेबलाच्या कडेला लागला की काय ते मला समजलं नाही. सातवा मात्र टेबलावर पडला आणि माझ्या बॅटखालून असा काही गेला की मी बॅट फिरवली तेव्हा तो मागे कपाटावर आपटून परत येत होता.

“आई गं!” मी म्हणालो.

आसावरी हसली नाही. तिथंच थांबली. इकडे तिकडे बघितलं, आणि मग डोळे मिटले. बॅट मुठीला धरून स्वतःच्या कानाशी नेली. बॉल उडवला.

टक... टक... टक.

परत एकदा. परत एकदा. मी दम रोखून उभा होतो. पलीकडच्या टेबलावरच्यांनीही खेळ थांबवला होता. ते का थांबले, त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिने डोळे उघडले. चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. भीती गेली नव्हती. पण आता ती वेगळी भीती होती.

वातावरण फार जड झालं की मला चहा आठवतो. सर लांबच्या खिडकीपाशी, मधे दोन टेबलं. मी साध्याच आवाजात विचारलं, “सर, चहा सांगू?”

“आल्याचा सांग,” तिकडून आलं. “साखर कमी.”

मी चहावाल्या पोराला फोन लावायला खिशात हात घातला. तेवढ्यात आसावरी सरांकडे निघाली. भराभर चालत गेली, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, खाली वाकली. दोघांत वीतभर अंतर. बॅट पुढे धरली, रोजच्यासारखी.

“सर,” तिने खणखणीत आवाजात विचारलं, “बरोबर बसलंय ना? परवा चालेल ना हे?”

सरांनी चष्मा काढला नाही. डोळे मिटले नाहीत. बॅटकडे बघितलंही नाही. तिच्याकडे बघत राहिले, बराच वेळ. मग उजव्या हाताचा तळवा कानामागे धरला.

“काय गं?” ते म्हणाले. “ऐकू नाही आलं.”